हरकतीची मुदत

कथा परत आली की वाईट वाटतं, हे मला सगळ्यांनी सांगितलं होतं. छापून आली की काय होतं, ते कुणी सांगितलं नव्हतं.

मी एका पतसंस्थेत वसुलीचं काम बघते. दिवसभर थकबाकीदारांना नोटिसा काढायच्या, जामीनदारांना फोन करायचे. माहेर बार्शीकडचं, लग्न झाल्यापासून धनकवडीत. लिहायला लागले ते चाळिशी उलटल्यावर, म्हणजे ज्या वयात आमच्या सोसायटीतल्या बायका सिंहगड चढायला लागतात. एक कथा लिहिली आणि उन्हाळ्यात एका दिवाळी अंकाला पाठवली. ‘मनोरंजन’ मासिकानं १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठीत लिहिणाऱ्याचं वर्ष दिवाळीभोवती फिरतं: उन्हात पाठवायचं, पावसात वाट बघायची आणि गणपती येऊनही फोन आला नाही की समजून जायचं. मला फोन आला. अंक हातात आला तेव्हा मी अनुक्रमणिकेतलं स्वतःचं नाव बोटानं चाचपून पाहिलं.

मग अभिप्राय सुरू झाले. माहेरच्या ग्रुपवर ‘खूप छान’, ऑफिसच्या ग्रुपवर ‘अभिनंदन मॅडम’. जाऊबाई म्हणाल्या, “वाचते हं निवांत,” त्या अजून निवांत झालेल्या नाहीत. सासूबाईंनी मात्र चष्मा लावून शेवटपर्यंत वाचली आणि एवढंच विचारलं, “ह्यातली सासू मी नाही ना?”

या सगळ्या कौतुकानं मला बरं वाटायला हवं होतं. झालं उलटंच. ‘छान’ म्हणजे नेमकं काय छान, ते कुणी सांगेना. त्यामुळे पुढच्या कथेत काय सांभाळायचं, ते मला कळेना. मनात यायला लागलं की एखादी जाहिरात ऐन वेळी रद्द झाली असेल, संपादकांना चार पानं भरायची असतील, म्हणून आपली कथा लागली. दुसरी पाठवली की बिंग फुटणार.

त्यातच एका पुस्तक प्रकाशनाच्या कार्यक्रमानंतर चहाच्या टेबलाशी एक गृहस्थ भेटले. वाचन दांडगं, स्वतः समीक्षा लिहिणारे. “वाचली तुमची,” म्हणाले. “कथा नाही ती. गाऱ्हाणं आहे.” आणि वड्याकडे वळले. मी “हो का, बरं” असं काहीतरी म्हटलं असेन. स्वारगेटवरून घरी येईपर्यंत ते वाक्य माझ्याबरोबर बसमध्ये उभं होतं.

पुढे बरेच महिने मी काही लिहिलं नाही. तसं लिहिण्याच्या भोवतालचं सगळं केलं. अप्पा बळवंत चौकातून कथालेखनावरची पुस्तकं आणली. चहा-नाश्त्यासह कार्यशाळा केली. टिळक रोडवर साहित्य परिषदेत व्याख्यानं ऐकली; १९०६ सालची संस्था, भिंतींवर थोरामोठ्यांचे फोटो, त्यांच्याकडे बघत मी हिशेब करायची की यांचं माझ्या वयापर्यंत काय काय लिहून झालं होतं. हा हिशेब कुणी करू नये. आकडे नेहमी आपल्या विरोधात जातात.

भाची मानसशास्त्र शिकते. ती म्हणाली, “मावशी, याला नाव आहे.” पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बायकांनी १९७८ साली एक निबंध लिहिला. दीडशेहून जास्त यशस्वी स्त्रियांशी बोलून त्यांनी नोंदवलं होतं की पदव्या, मानसन्मान सगळं असूनही या बायकांना आतून वाटत राहतं, आपण लोकांना फसवतोय, एक दिवस उघडं पडू. पुढे त्यालाच सगळे इम्पोस्टर सिंड्रोम म्हणायला लागले. नाव कळल्यावर चार दिवस हलकं वाटलं. पाचव्या दिवशी मनात आलं की त्या बायकांकडे निदान पदव्या होत्या. माझ्याकडे एक कथा, तीही गाऱ्हाणं. अमेरिकेतल्या बायकांचा आजारसुद्धा मला शोभेना.

तुकोबांचं उदाहरण तर या दिवसांत मला कितीदा ऐकायला मिळालं! महाराष्ट्रात कुणाचंही लेखन परत आलं की लोक त्याला देहूला नेतात. वह्या इंद्रायणीत बुडवल्या, तेरा दिवसांनी कोरड्या वर आल्या, तेव्हा तुम्हीही धीर धरा. अहो, पण ते तुकाराम. आज माझी वही आळंदीला इंद्रायणीत टाकली तर वर नुसता फेस येईल. त्या कथेतला मला आवडणारा भाग वेगळाच आहे, तो फारसा कुणी सांगत नाही. तुकोबांना अभंग लिहायचा अधिकार नाही म्हणणारे वाघोलीचे रामेश्वरभट्ट पुढे त्यांचेच शिष्य झाले. आपण म्हणतो ती ‘आरती तुकारामा’ परंपरेनं त्यांच्याच नावावर आहे. म्हणजे आधी वह्या बुडवायला लावल्या आणि मग आरती लिहिली. यातलं काहीही वड्याच्या टेबलाशी झालेलं नाही. दोघांनी एकमेकांना पुरतं अंगावर घेतलं.

मला वाट सापडली ती अगदी वेगळ्याच ठिकाणी, सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत.

घरी टीव्ही, ऑफिसात फोन. म्हणून मी संध्याकाळी बसायला महिन्याच्या भाड्यानं एक टेबल घेतलं होतं. लिहिणं होत नव्हतं, पण टेबल होतं. पेठांमधल्या या अभ्यासिका माहीत नसतील त्यांच्यासाठी सांगते: लांबट खोल्या, प्लायवूडच्या खणांनी वेगळी केलेली टेबलं, डोक्यावर ट्यूबलाइट आणि प्रत्येक खणात लातूर, बीड, सोलापूर, नांदेडकडून आलेली एमपीएससीची पोरं-पोरी. माझ्या शेजारच्या खणातला मुलगा माझ्याच बाजूचा, माढ्याचा. पहिल्याच आठवड्यात त्यानं विचारलं, “ताई, कुठल्या पोस्टची तयारी?” कथा लिहिते म्हटल्यावर त्यानं इतक्या आदरानं मान हलवली की मला कसंतरीच झालं.

एका संध्याकाळी तिथं वेगळीच धांदल होती. पूर्वपरीक्षेची पहिली उत्तरतालिका आली होती. आयोग आधी एक उत्तरतालिका लावतो, उमेदवारांकडून हरकती मागवतो, त्या तपासून मग अंतिम तालिका काढतो. हा मुलगा एका उत्तरावर हरकत घ्यायला बसला होता आणि कपाटातून पुस्तक काढून पानाचा फोटो काढत होता. मी म्हटलं, “अरे, उत्तर चुकलंय एवढं सांगितलं तर पुरत नाही का?”

“तसं कसं पुरंल, ताई? प्रश्न क्रमांक टाकायचा, आपलं उत्तर टाकायचं आणि पुरावा जोडायचा. नुसतं ‘पेपर अवघड होता’ म्हणणारे लई असतात. त्याला काय अर्थय?”

त्या रात्री मी वहीत एक पान आखलं. वसुलीची सवय, मला रकान्यांशिवाय सुचत नाही. पहिल्या रकान्यात हरकत, जशीच्या तशी. दुसऱ्यात कोणी घेतली. तिसऱ्यात पान आणि ओळ. चौथ्यात पुरावा. सगळ्यात वर त्या गृहस्थांचं वाक्य लिहिलं. पान? त्यांनी सांगितलं नव्हतं. ओळ? नाही. पुरावा? नाही. चौथ्या रकान्यात मी ऑफिसच्या भाषेत लिहिलं: ‘पुराव्याअभावी प्रलंबित.’ फेटाळलं नाही हं. कदाचित त्यांचं बरोबरही असेल. पण तेवढ्या वाक्यावर मला कथेत एक शब्दसुद्धा बदलता येत नव्हता, हे रकाने भरताना पहिल्यांदा दिसलं.

मग त्याखाली माझ्या हरकती. ‘तुला लिहिता येत नाही.’ कोणी घेतली: मी. पान: रिकामं. ‘पुण्यात तुझ्यापेक्षा चांगलं लिहिणारे गल्लोगल्ली आहेत.’ पान: रिकामं. ‘भाषा गावंढळ आहे.’ पान: रिकामं. अशा सात-आठ झाल्यावर एकदम वेगळीच उतरली: ‘सून शेवटी रडते, कारण शेवट कसा करायचा ते सुचलं नाही.’ पान शेवटचं, ओळी खालच्या दहा. पुरावा होता, तिथंच छापलेला.

म्हणजे माझ्या मनात दोन प्रकारची माणसं एकाच आवाजात बोलत होती. एकाला कथा वाचून काही सांगायचं होतं. दुसऱ्यानं कथा वाचलीच नव्हती.

याच सुमारास मी एका रविवारच्या गटात जायला लागले. नारायण पेठेत एका निवृत्त बाईंच्या घरी दहा-बारा जणं जमतात. तिथले दोन नियम मला आधी जाचक वाटले. आपली कथा आपण वाचायची नाही, दुसरा कुणीतरी वाचणार. आणि चर्चा संपेपर्यंत लेखकानं तोंड उघडायचं नाही, “अहो, मला तसं म्हणायचं नव्हतं” हेसुद्धा नाही. दुसऱ्याच्या तोंडून आपली कथा ऐकणं हा शिक्षेचाच प्रकार आहे. आपण वाचताना अडखळणाऱ्या वाक्याला आवाजानं सांभाळून घेतो. परका माणूस सांभाळत नाही, तो अडखळतो. मी नुसती पेन्सिलीनं अडखळलेल्या जागा टिपत बसायची. कोण पाय हलवतंय, कोणी मोबाइल उलटा केला, तेही दिसतं. कौतुक ऐकून जे कधी कळलं नव्हतं, ते या खुणांवरून कळायला लागलं: कुठल्या परिच्छेदात कुणीच हललं नाही.

नवी कथा होती एका विधवा सुनेची. नवरा जातो, दहा एकर जमीन, दिराची नजर त्या जमिनीवर. माझ्या कथेत बारावं-तेरावं उरकतं, ती तलाठ्याकडे जाते आणि पुढच्या परिच्छेदात सातबाऱ्यावर तिचं नाव लागलेलं असतं. मग दिराशी मोठं भांडण. भांडणावर मी फार खूश होते.

गटात एक निवृत्त मंडळ अधिकारी आहेत, आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. एरवी ते कवितांवरच बोलतात. त्या दिवशी म्हणाले, “पान चार. बाईंचं नाव असं चढत नाही.”

मी गप्प. नियमच होता.

“आधी वारस नोंदीचा अर्ज. मृत्यूचा दाखला, वारसांची माहिती. वारस नोंदवहीत नोंद, मग चौकशी, मग फेरफार. फेरफार नोंदला की हितसंबंध असलेल्यांना नोटीस जाते. हरकतीला पंधरा दिवस. हरकत आली तर प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत, त्याची सुनावणी. नाही आली तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करणार, त्यानंतर सातबारा. मी आयुष्यभर हेच केलं. तुम्ही एका ओळीत उरकलंत.” मग चहाचा घोट घेऊन म्हणाले, “आणि एक सांगतो. त्या पंधरा दिवसांत गावात काय काय होतं, ते तुम्हाला ठाऊक नाही.”

ऐकताना कानशिलं तापली होती, ते खरंच आहे. पण मी पान चार लिहिलं, पुढे पुरावा लिहिला, आणि लिहिता लिहिताच लक्षात आलं की माझी कथा चार नंबरच्या पानावरच पडलीय, मी उगाच पुढे पळत होते. पंधरा दिवस! दिराला नोटीस मिळालीय. त्यानं हरकत घेतली तर कज्जा, नाही घेतली तर सातबाऱ्यावर तिचं नाव. आणि तो रोज सकाळी वहिनीकडे चहाला येतो. काही बोलत नाही. तीही काही विचारत नाही. साखर किती, एवढंच. सासू दोघांकडे बघते. चावडीवर काय चाललंय त्याच्या बातम्या शेजारीण आणते. एका दिवशी तो येत नाही, आणि त्या दिवशी सुनेला सगळ्यात जास्त भीती वाटते.

चर्चा संपल्यावर मी काकांना गाठलं आणि त्या पंधरा दिवसांत काय काय होतं, ते विचारत अंधार पडेपर्यंत बसले. लोक खोट्या सह्या कशा आणतात, बहिणींकडून हक्कसोड कशी मिळवतात, शेवटच्या दिवशी दुपारी हरकतीचा कागद घेऊन कोण धावत येतं. नोटीस घ्यायलाच नको म्हणून परगावी जाऊन बसणारे दीर त्यांनी पाहिले होते. पुढे जे लिहिलं, त्यात भांडण राहिलंच नाही. तिला रडवायची गरजही पडली नाही.

यानंतर त्या रात्रीपासून शंका गेली, असं सांगायला मला आवडलं असतं. ती जात नाही. रात्री अडीचला जी येते, ती रकाने भरून येत नाही. पण सकाळी तिला पान विचारता येतं, आणि उत्तर नसेल तर मी तशीच बस पकडायला निघते.

आता दुसरी बाजू. पान आणि ओळ सांगितली म्हणजे हरकत बरोबर असते, असंही नाही. आमच्या गटात एका सद्गृहस्थांना प्रत्येक कथेच्या शेवटी आशेचा किरण लागतो; ते नेहमी शेवटच्या पानावर बोट ठेवतात, आणि ते बोट कथेसाठी नसून त्यांच्या समाधानासाठी आहे हे कळायला मला थोडे रविवार लागले. दुसरी हरकत जास्त टोचली. एक बाई म्हणाल्या, “पान दोन, मधला परिच्छेद. सासू ‘न्हाई’ म्हणते, ‘कशापायी’ म्हणते, ते पात्र म्हणून ठीक. पण निवेदनातसुद्धा ‘तिनं’, ‘असं झालं’? छापील मराठी अशी नसते.” स्वर अगदी गोड. पण पुण्यात आल्या आल्या पहिल्या नोकरीत ‘पाणी’ आणि ‘पानी’वरून जे हसणं ऐकलं होतं, ते सगळं पोटात पुन्हा ढवळून आलं. ‘भाषा गावंढळ आहे’ ही माझी जुनीच हरकत. आता तिला पान क्रमांकही मिळाला होता.

गटातल्या एका वयस्कर मुद्रितशोधकांनी तिचा निकाल लावला. त्यांनी पुण्यातल्या कितीतरी छापखान्यांची प्रुफं वाचलीत. “शुद्धलेखनाचे १९६२ सालचे नियम काढा,” ते त्या बाईंना म्हणाले. “पात्राच्या तोंडी, आणि लेखनात बोलण्याचा भास हवा असेल तेव्हा, ‘असं केलं’, ‘मी म्हटलं’ असं अनुस्वार देऊन लिहायला नियमच परवानगी देतो. इथं सुनेच्या घरातलीच कुणीतरी गोष्ट सांगतेय. चालेल.” मी सुटले म्हणून श्वास घेणार तोवर ते माझ्याकडे वळले. “पण तुमच्यावर माझी हरकत आहे. पान दोनवर ‘तिनं’, पान तीनवर ‘तिने’, पान पाचवर पुन्हा ‘तिनं’. हिला बोलायचंय की लिहायचंय, एकदा ठरवा. जिथं तुम्हाला भीती वाटली, तिथं तुम्ही ‘तिने’ केलंय.”

मी घरी जाऊन तपासलं. जमिनीचे कागद, तलाठी, मंडळ अधिकारी असा मजकूर जिथं जिथं होता, तिथं तिथं भाषा नोटिशीची झाली होती आणि अनुस्वार गायब. दिवसभर जे लिहिते, ते तिथं शिरलं होतं. सगळी कथा सुनेच्या घरातल्या आवाजात आणायला बऱ्याच संध्याकाळी गेल्या. शेजारच्या खणातला मुलगा मधूनमधून विचारायचा, “झालं का, ताई?” मी म्हणायची, “तुझी तारीख?” तो म्हणायचा, “पुढं गेली.”

‘निंदकाचं घर असावं शेजारी’ असं आपल्याकडे म्हणतात. पुण्यात शेजाऱ्यांची कधीच कमतरता नव्हती. पण कथा हातात धरून, चौथं पान उघडून बसणारे शेजारी मला त्या दिवाणखान्यातच भेटले. त्यांनी सांगितलेलं सगळं मी ऐकलं नाही. सगळं वहीत मात्र आहे. चहाच्या टेबलाशी भेटलेल्या गृहस्थांची हरकतही वर तशीच आहे, प्रलंबित.

कथा पाठवली, या वेळी दुसऱ्या अंकाला. पावसाळ्यात होकार आला. गणपती उठल्यावर प्रुफं आली, ऑफिसातल्या जेवणाच्या सुट्टीत मी ती मोबाइलवर मोठी करकरून वाचली. फॉन्ट बदलताना ‘दुसऱ्या’तला अर्धा ‘र’ बऱ्याच ठिकाणी उडाला होता, ते नेहमीचंच. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे कुणीतरी सासूचं ‘न्हाई’ सरसकट ‘नाही’ करून टाकलं होतं. शेवटच्या पानावर, पंधराव्या दिवशी, ती आपल्या लेकाला जे एकच वाक्य बोलते, तेसुद्धा वर्तमानपत्रातल्या बातमीसारखं शुद्ध झालं होतं.

पूर्वी मी गप्प बसले असते. संपादकांना काय वाटेल, दुसरी कथा घेतील का, असं सगळं मनात आलंच. तरी फोन लावला.

“काही चुका राहिल्यात,” मी म्हटलं.

“आता?” मागे कुणीतरी छपाईच्या कागदावरून ओरडत होतं. “बाई, दोन दिवसांत अंक छपाईला चाललाय. कुठल्या पानावर?”

मी वही पुढे ओढली. “ब्याऐंशी. डावीकडचा कॉलम, वरून सातवी ओळ. आणि तिथून पुढे सासू जिथं जिथं बोलते, तिथं. नियम सांगू?”

“नियम नको. थांबा, लिहून घेतो,” ते म्हणाले.